शेजारच्या सीटचा ब्रेक

“अकरा महिने. अकरा महिन्यांत ब्रेक झिजतात? ब्रेक होते की साबणाच्या वड्या?”

सर हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कागद नाकासमोर धरून ते आपले पुटपुटत होते. काकू त्यांच्या खांद्यामागेच चहा गाळत होत्या म्हणून त्यांना ऐकू गेलं, इतकंच. कागदावर सहा ओळी होत्या आणि सर त्या तिसऱ्यांदा वाचत होते. ओळ संपली की ते नजर फिरवत नसत, अख्खं डोकं फिरवत. पुढची ओळ सापडेपर्यंत अंगठा कागदावर चाचपडत राही. काकूंनी ते पाहिलं आणि चहात साखरेचा एक चमचा जास्त पडला.

कागद मोजपट्टीच्या गॅरेजमधून आला होता. मोजपट्टी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण ज्याच्या वरच्या खिशात पेनाच्या जागी जाडी मोजायचं यंत्र असतं, आणि ‘बरंच झिजलंय हो’ असं म्हणण्याऐवजी जो ‘दोन पूर्णांक एक’ असं म्हणून गप्प बसतो, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड, दोन्ही डिस्क, ब्रेक ऑइल, साफसफाई, मजुरी आणि सगळ्यांची बेरीज, अशा त्या सहा ओळी. बेरीज सरांच्या दीड महिन्याच्या पेन्शनएवढी होती.

“माझाच विद्यार्थी,” सर म्हणाले. “क्लच सोडायला शिकवलं मी याला. तीन आठवडे लागले होते.”

“चहा घ्या,” काकू म्हणाल्या.

चौतीस वर्षं सर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होते. गावातले निम्मे लोक त्यांच्या शेजारी घाम गाळून चालक झालेले. दवाखान्यातली डॉक्टरीण, पाण्याचं बिल वाटणारा, चौकात शिट्टी वाजवणारा पोलीससुद्धा. त्यामुळे त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सर म्हणजे सर. आणि सरांची बायको म्हणून, शिवाय निम्म्या गावाचे शाळेचे गणवेश शिवून दिले म्हणून, त्या काकू.

दार ढकलून सरांचे धाकटे भाऊ आत आले. काकू त्यांना भाऊजी म्हणत. जगातल्या प्रत्येक वस्तूचा खरा भाव भाऊजींना ठाऊक असे, आणि तो नेहमी तुम्ही दिलेल्या पैशांच्या निम्मा असे.

“दाखव तो कागद,” भाऊजी म्हणाले. उभ्या उभ्याच त्यांनी तो वाचला आणि समाधानानं मान हलवली. “गिऱ्हाईक केलंय तुला, दादा. मी कालच हमरस्त्यावरच्या गॅरेजला फोन लावला. निम्म्यात करतो म्हणाला. डिस्क कशाला बदलायच्या, म्हणे, घासून गुळगुळीत करून देतो. पॅड तेवढे नवे.”

“निम्म्यात?”

“निम्म्यात. आणि चहा पाजतो.”

“भाऊजी, त्यानं गाडी बघितली का?” काकूंनी विचारलं.

“वहिनी, ब्रेक म्हणजे काय वधूवर आहेत का, बघायला? सगळ्या गाड्यांचे सारखे.”

सरांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “मुद्दा पैशांचा नाही,” ते म्हणाले. पैशांचा मुद्दा असला की ते असंच म्हणत, पण आज आवाजात वेगळंच काही होतं. “काल फोनवर काय म्हणाला माहितीये? म्हणाला, ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवल्यासारखी झीज आहे. मला. पाय ठेवून. चौतीस वर्षं पोरांच्या घोट्यावर फूटपट्टी मारली मी, पाय उचल, पाय उचल म्हणून. आणि हा मला सांगतो.”

भाऊजींनी एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी बघायला घेतलं. बाहेर काहीच नव्हतं.

“मी उद्या बागेत सगळ्यांना सांगणार आहे,” सर म्हणाले. “हा लुटतो म्हणून. याच्याकडे पहिली वीस गिऱ्हाइकं मी पाठवली होती. पाठवता येतात तशी थांबवताही येतात.”

काकूंनी कप विसळायला घेतला. हात साबणात होते, पण उजवा पाय आपोआप पुढे सरकला होता. टाच फरशीला, चवडा हलकासा टेकलेला.

तो पाय त्यांचाच होता. ब्रेकवर ठेवलेला.

झालं होतं असं. स्कूल बंद पडलं तेव्हा मालकानं शिकवायची एक जुनी गाडी सरांना जवळजवळ फुकटात दिली. छतावरची पाटी काढली, तिथे फिकट चौकोन राहिला. आणि शेजारच्या सीटपुढचं दुसरं ब्रेकचं पेडल, ज्यावर सरांचा बूट चौतीस वर्षं तयार असे, ते मात्र काढलं नाही. ‘काढू सावकाश,’ सर म्हणत. सर चालकाच्या सीटवर गेले आणि त्यांच्या जुन्या जागेवर काकू बसू लागल्या.

काकूंना गाडी येत नव्हती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सरांनी त्यांना शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी काकू मधल्या रस्त्यात उतरल्या, दार शांतपणे लावलं आणि चालत घरी आल्या. त्या दिवसापासून दोघांचा संसार सुखाचा झाला.

अकरा महिन्यांपूर्वी मोजपट्टीनं नवे पॅड बसवून दिले. त्यानंतर पंधरा दिवसांनी, सकाळची वेळ, शाळेमागच्या चौकात एक मुलगी बाजूच्या गल्लीतून सायकलवर आली. पाठीला दप्तर, तोंडात वेणीची रिबीन. सर समोर बघत शीळ घालत होते. काकूंना ती मुलगी गल्लीच्या तोंडाशी होती तेव्हापासून दिसत होती. त्यांना वाटलं, आता सर थांबवतील. मग वाटलं, आता थांबवतील. आणि मग काही वाटायच्या आधीच त्यांचा पाय खाली गेला.

गाडी थांबली. सायकल हातभर अंतरावरून निघून गेली, मुलीनं वळूनही बघितलं नाही. सरांची शीळ बंद झाली होती. थोड्या वेळानं ते म्हणाले, “चांगले बसलेत हो नवे ब्रेक.”

“हो,” काकू म्हणाल्या. आणि दोघं हसले. नको तितके.

तेव्हापासून काकूंनी पाय उचलला नव्हता. तीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला तो पाय. कॉलरच्या टोकाशी सुई नेमक्या टाक्यावर थांबवायची असते. एक टाका पुढे गेला तर टोक बिघडतं, एक मागे राहिला तर कॉलर बोथट दिसते. मशीनचं पेडल दाबायचं नसतं, त्यावर पाय नुसता असू द्यायचा असतो. काकूंना वाटलं, गाडीचंही तसंच असेल. बाजूनं कुणी आलं की त्या जरासा भार देत. गाडी थोडी मंदावे, सर पुढे बघत राहात, कुणी काही बोलत नसे. पाय नुसता ठेवल्यानं काही झिजत असेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

आता कागद समोर होता. भाव खोटा ठरला तर मोजपट्टी चोर. भाव खरा ठरला तर पाय कुणाचा, हे आलंच. आणि पायापाठोपाठ का, हेही.

“बारापर्यंत निरोप द्यायचाय त्याला,” सर म्हणाले. “गाडी चाकं काढून ठेवलीय. जागा अडते म्हणे.”

“माझी छत्री गाडीत राहिलीय,” काकू हात पुसत म्हणाल्या. “घेऊन येते. बघूनही येते.”

“तू जाऊन काय बघणार?”

“छत्री,” काकू म्हणाल्या.

गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन आणि एक लांब टेबल. टेबलावर मात्र ऑपरेशनच्या खोलीसारखी स्वच्छता. फडक्यावर सुटे भाग ओळीनं मांडलेले, जसे निघाले त्या क्रमानं. सरांची गाडी पुढून उचललेली, चाकांविना, दात काढलेल्या म्हाताऱ्यासारखी.

मोजपट्टी पंचेचाळिशीचा, बारीक, कानामागे पेन्सिल. काकूंना बघून त्यानं हात पुसले. बराच वेळ पुसले.

“सर नाही आले?”

“छत्री न्यायला आलेय,” काकू म्हणाल्या. मग स्वतःलाच ते पोरकट वाटलं. “भाव बरोबर आहे का रे? मला समजेल असं सांग. मला गाडीतलं काही कळत नाही.”

त्यानं क्षणभर विचार केला. मग फडक्यावरचे दोन तुकडे उचलून त्यांच्या दोन तळहातांवर ठेवले. “डोळे मिटा, काकू. तुम्हाला कापड कळतं ना? सांगा.”

काकूंनी डोळे मिटले. एका हातात जाडजूड, खरखरीत, करंगळीएवढी जाडी. दुसऱ्या हातात लोखंडी पट्टी, आणि तिच्यावर असूनही नसल्यासारखं काहीतरी. त्यांनी बोटानं चाचपलं. कॉलरमध्ये घालायच्या कडक कापडाचे दोन पदर. तेवढंच.

“हा नवा. आणि हा तुमचा,” मोजपट्टी म्हणाला. “एक पूर्णांक चार मिलिमीटर. तीनच्या खाली गेला की मी गाडी गेटाबाहेर सोडत नाही.”

काकूंनी डोळे उघडले. “म्हणजे गाडी थांबवतं ते हे?”

“हेच.”

“एवढंसं?”

“एवढंसं. चार माणसं, सामान, उतार, सगळं यावरच येतं.”

काकू त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटायचं, गाडी थांबते म्हणजे कुठेतरी आत मोठी भक्कम साखळी असेल, दांडे असतील, काहीतरी दणकट. आणि होती फडक्यावरची एक चकती, जिच्यावर ही पट्टी येऊन टेकते आणि घासून घासून स्वतः संपते. दर वेळी थोडी कमी होते आणि त्या कमी होण्यानंच कुणाची तरी सायकल पुढे निघून जाते. गेल्या अकरा महिन्यांत त्या स्वतः, सर, एकदा भाऊजी, एकदा बाळाला घेऊन आलेली लेक, सगळे या दोन पदर कापडावर बसून फिरले होते. त्यांनी तो तुकडा दोन्ही हातांनी धरला, जपून. भीतीनं नव्हे. मोठ्या इमारतीचा पाया उघडा पडलेला दिसला की माणूस पाऊल जपून टाकतो, तसं काहीसं.

“आणि ही डिस्क,” मोजपट्टीनं चकती पुढे केली. तिच्यावर निळसर झाक होती, तव्याखाली आच जास्त लागली की येते तशी. “तापून तापून. बोट फिरवा.”

काकूंनी कडेनं बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. “इथे बसलीय,” त्या म्हणाल्या. “आणि इथे. इथे जास्त.”

मोजपट्टी थबकला. खिशातलं यंत्र काढून त्यानं काकूंच्या बोटाशी लावलं, आकडा बघितला, दुसरीकडे लावलं, पुन्हा बघितला.

“काकू,” तो हळूच म्हणाला, “केसाच्या जाडीइतकाही फरक नाही हा. मला यंत्र लागतं.”

“तीस वर्षं झाली शिवतेय. बोटंच आहेत माझ्याकडे.”

त्यानं एक जाडजूड वही आणली. प्रत्येक गाडीचं एक पान. सरांच्या पानावर अकरा महिन्यांपूर्वीच्या तारखेला सगळी मापं होती. पॅड अकरा, डिस्क एकोणीस. खाली आजची. अठराच्या खाली गेलेली. कुठल्याही गिऱ्हाइकाला तो हे पान उघडून दाखवी. कुणाला त्यात रस नसे. काकूंनी मात्र ओळ न् ओळ वाचली.

“हमरस्त्यावरचा घासून देतो म्हणाला.”

“देईल. गुळगुळीत होईल. पण आधीच पातळ झालीय, अजून किती घासणार?”

काकूंना एकदम कळलं. पोरं वाढतात, आया पँट घेऊन येतात, काकू, जरा सोडून द्या. आत शिवणीला कापडच ठेवलेलं नसलं तर काय सोडणार? कितीही हुशार शिंपी असो, नसलेलं कापड सोडता येत नाही.

“भाव बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

“मजुरी कमीच लावलीय,” मोजपट्टी म्हणाला. टेबलावरचा एक बोल्ट त्यानं उगाच सरळ केला. “झीज पण बघितलीत ना? दोन्ही बाजू सारख्या. जोरात दाबल्याचं असं दिसत नाही. हे नुसता पाय टेकवून ठेवल्याचं आहे. सतत. अगदी हलका पाय.” तो काकूंकडे बघत नव्हता. “मी दोनदा तुमच्या मागे होतो गाडीत. मागचे लाल दिवे विझतच नाहीत. दुकानवाले पण म्हणतात, सरांची गाडी कायम लाल.”

म्हणजे गावाला माहीत होतं. काकूंना आधी लाज वाटली. मग आठवलं, भाऊजी खिडकीबाहेर बघत होते.

“शेजारच्या पेडलचं रबर बघितलंस तू,” त्या म्हणाल्या.

“चकाकी आलीय,” तो म्हणाला. “लहान पायाची.”



“सरांना नको सांगूस,” काकू म्हणाल्या. “त्यांना कळलेलं नाही.”

मोजपट्टीनं पहिल्यांदा मान वर केली. मग म्हणाला, “काकू, जरा गाडीत बसता? तिकडे नाही. सरांच्या सीटवर.”

लग्नाच्या तिसऱ्या वर्षानंतर पहिल्यांदा काकू स्टिअरिंगमागे बसल्या. सीट सरांच्या पाठीच्या आकाराची झाली होती. मोजपट्टी वळसा घालून शेजारी बसला.

“ब्रेकवर पाय ठेवा. नुसता.”

काकूंनी ठेवला. त्यानं आपल्या बाजूचं पेडल अलगद दाबलं. काकूंच्या तळव्याखालचं पेडल खाली गेलं. आपोआप. जिन्याची पायरी पायाखालून सरकावी तसं.

“परत,” काकू म्हणाल्या.

त्यानं आणखी हलकं दाबलं, काकू दाबायच्या त्याहूनही हलकं. पेडल तितकंच हललं. पाय नुसता जवळ असता, तरी बुटाला लागलं असतं.

“एकच दांडा आहे खालून,” मोजपट्टी म्हणाला. “इकडचं गेलं की तिकडचं जातं. शिकवणाऱ्यानं दाबलं की शिकणाऱ्याला कळलंच पाहिजे, म्हणूनच असतं तसं. मला अजून आठवतंय. चौकात माझ्या पायाखालून पेडल गेलं तेव्हा कानशिलं तापली होती माझी. सर काही बोलले नव्हते. बोलायची गरजच नव्हती.”

काकूंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. अकरा महिने. दर गुरुवारी बाजार, दर महिन्याला पेन्शन, लेकीचं घर, दवाखाना. प्रत्येक वळणावर, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या पायाखालचं पेडल खाली गेलं होतं, आणि ज्यानं चौतीस वर्षं हजारो पायांना हेच सांगितलं तो माणूस समोर बघत शीळ घालत बसला होता. त्या समजत होत्या, आपण गुपचूप त्यांना सांभाळतोय. आणि ते त्यांना सांभाळू देत होते. तेही गुपचूप. एका दांड्याच्या दोन टोकांना बसून दोघं अख्खं गाव फिरले होते.

काकूंना उतरावंसं वाटेना. एवढ्या वर्षांच्या नवऱ्याला आपण आज पहिल्यांदा भेटतोय, असं काहीतरी वाटत होतं.

“आले,” मोजपट्टी पुटपुटला.

गेटातून सर येत होते, भाऊजींच्या कोपराला धरून. गप्पा मारता मारता धरलाय असं दिसेल इतपत सैल. टेबलाच्या बाजूला ठेवलेल्या स्टुलाला सरांचा गुडघा लागला, स्टूल आडवं झालं.

“असं मध्ये ठेवतात का रे?” सर म्हणाले.

स्टूल मध्ये नव्हतं. मोजपट्टीनं ते उचलून भिंतीला लावलं. “चुकलं, सर.”

काकू घाईनं गाडीतून उतरल्या. कुठल्या दारातून उतरल्या हे सरांनी बघितलं, की नाही बघितलं, कळलं नाही.

“छत्री मिळाली?” सरांनी विचारलं.

“नाही,” काकू म्हणाल्या.

भाऊजींनी सूत्रं हातात घेतली. “हे बघ, हमरस्त्यावर निम्म्यात होतंय. तुझा मान म्हणून आलो आधी. काय कमी करतोस बोल.”

“ते डिस्क घासणार, काका.”

“तू पण घास.”

“नाही घासता येत. पातळ झालीय.”

“मग झाली कशी?” सर म्हणाले. आवाज वर्गातला होता. “तूच टाकलेस पॅड. अकरा महिने. मी गाडी कशी चालवतो तुला माहीत नाही? पाय ठेवून चालवणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी खाली उतरवायचो.”

“मलाही उतरवलं होतं, सर.”

“मग फोनवर बोललास कसं? दोनच गोष्टी असू शकतात. माल खोटा, नाहीतर तू खोटा. कुठलं ते सांग, म्हणजे मला लोकांना तसं सांगता येईल.”

मोजपट्टी काकूंकडे बघू शकला असता. नुसतं बघितलं असतं तरी पुरलं असतं. त्यानं बघितलं नाही. तो जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिला, मग कानामागची पेन्सिल काढली.

“माल खोटा असेल, सर,” तो म्हणाला. “पॅडचा तो डबाच खराब निघाला असणार. माझी चूक. तपासून घ्यायला हवे होते.”

“बघ,” भाऊजी म्हणाले, पण त्यांचाही आवाज जरा पडलेला होता.

“पॅडचे पैसे नकोत. मजुरी नको. डिस्कचे तेवढे द्या, जमेल तेव्हा.” त्यानं वही ओढली. सरांचं पान उघडंच होतं. “इथे लिहून ठेवतो. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवता येईल.”

काकू बघत होत्या. त्या वहीत सगळ्या गावाच्या गाड्या होत्या, पंधरा-वीस वर्षांच्या, आणि एकही आकडा खोटा नव्हता. याच्या खिशात जाडी मोजायचं यंत्र असतं तसं याच्या आतही काहीतरी असणार, जे केसाचाही फरक खपवून घेत नाही. आणि तो आता स्वतःच्या हातानं, स्वतःविरुद्ध, धडधडीत खोटं लिहायला बसला होता. कारण एका म्हाताऱ्या माणसानं त्याला कधीकाळी क्लच सोडायला शिकवलं होतं. पेन्सिलीचं टोक कागदाला लागलं. ‘पॅड’ असं त्यानं लिहिलं. अक्षर शाळकरी होतं.

“थांब,” काकू म्हणाल्या. “लिहू नकोस ते.”

“काकू, असू द्या.”

“असू द्या नाही. चांगल्या कापडाला वाईट म्हणायचं नसतं.” त्यांनी वहीवर हात ठेवला. तो काढला नाही. “अहो, भाव बरोबर आहे. मी बोटानं बघितलं. माल चांगला होता, हा पण चांगला आहे. ते ब्रेक झिजले, कारण मी…”

सरांनी तळहात वर केला.

काकू थांबल्या. सर कुणाकडेच बघत नव्हते. ते गाडीपाशी गेले. बंपर लागेपर्यंत हात पुढे धरून गेले. आता त्यांनी ते लपवलं नाही. मग फडक्यावरचा झिजलेला पॅड त्यांनी चाचपून उचलला, अंगठ्यानं त्याचा पृष्ठभाग बराच वेळ पुसत राहिले.

“सारखा झिजलाय,” ते म्हणाले. “या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

“हो, सर,” मोजपट्टी म्हणाला.

“चौतीस वर्षांत मी असा पाय बघितला नाही. बघितला नाही म्हणजे, माझ्या पायाला लागला नाही. लोक घाबरून दाबतात. डोकं काचेवर आपटतं. हिनं एकदाही धक्का बसू दिला नाही मला. रोज वाटायचं, आज दचकेल, आज जोरात दाबेल. पाऊस असो, उतार असो. एकदाही नाही.” त्यांनी पॅड परत फडक्यावर ठेवायला हात नेला. जागा चुकली, तो टेबलाच्या कडेवर ठेवला गेला. मोजपट्टीनं तो सरळ केला नाही. “आणि मला वाटलं, चालतंय ना. दोन माणसं मिळून एक चालक, काय वाईट आहे? ते झाकून ठेवायचं म्हणून तुला चोर म्हणायला निघालो होतो मी.”

“दादा, जाऊ दे आता,” भाऊजी म्हणाले. “उन्हात उभा आहेस.”

“तू गप. लाल दिवे तू पण बघितलेत.”

काकू एक पाऊल पुढे आल्या, आणि तिथेच थांबल्या. सर आवाजाच्या दिशेनं वळले, पूर्ण वळले, खांद्यासकट, तेव्हा कुठे काकू त्यांच्या समोर आल्या.

“मला बाजूचं दिसत नाही,” सर म्हणाले. “दीड वर्ष झालं.”